खोटं म्युझियम, खरे प्रश्न: कलाकार काल्पनिक संग्रहालयं का उभारतात?

२०२५ मध्ये अमेरिकेच्या राजकारणात एक अनपेक्षित विषय गाजला: म्युझियममधल्या पाट्या. २७ मार्चला राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका आदेशावर सही केली. स्मिथसोनियन ही मुख्यतः सरकारी पैशावर चालणारी संस्था आपल्या म्युझियम्समध्ये अमेरिकेचा इतिहास एकांगी पद्धतीने मांडते, असा त्या आदेशाचा सूर होता. जुलैअखेर बातमी आली की, स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय इतिहास म्युझियममधून ट्रम्प यांच्यावरच्या दोन महाभियोगांचा उल्लेख असलेली पाटी काढण्यात आली आहे. सरकारच्या सांगण्यावरून ती काढलेली नाही, असं संस्थेने म्हटलं. टीका झाल्यावर ऑगस्टमध्ये महाभियोगांची माहिती बदललेल्या मजकुरासह परत लागली. त्याच महिन्यात व्हाइट हाउसने स्मिथसोनियनला पत्र पाठवून कळवलं, की पहिल्या टप्प्यात तुमच्या आठ म्युझियम्समधला मजकूर तपासला जाईल.

चार-सहा ओळींच्या पाटीसाठी एवढा खटाटोप कशाला? कारण सरळ आहे. वर्तमानपत्रात छापलेलं आपण तपासून घेतो, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्यावर शंका घेतो. म्युझियमच्या काचेवर लिहिलेलं मात्र आपण बहुतेक वेळा वाचतो आणि खरं मानून पुढच्या दालनात जातो.

हा विश्वास येतो कुठून, हे शोधण्यासाठी गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत जगभरातल्या काही कलाकारांनी एक विचित्र मार्ग निवडला. त्यांनी अस्तित्वातच नसलेली म्युझियम्स सुरू केली. ही काय भानगड आहे, त्यातून काय साधलं, आणि 'फेक न्यूज'च्या काळात असा खेळ खेळणं कितपत योग्य आहे, हे समजून घेऊया.

काल्पनिक म्युझियम म्हणजे नेमकं काय?

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. म्युझियम सुरू करायला सरकारच लागतं असं नाही. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय एका माणसाच्या छंदातून, त्याच्या राहत्या घरातून उभं राहिलं. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्यं जमवत नेली आणि पुढे तो संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. म्हणजे तिथे आधी वस्तू आल्या आणि नंतर संस्था झाली.

काल्पनिक म्युझियममध्ये हा क्रम उलटा असतो. आधी संस्था येते: नाव, बोधचिन्ह, लेटरहेड, संचालक, विभाग, उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका. वस्तू नंतर येतात, किंवा येतही नाहीत. कधी त्या बनावट असतात, कधी खऱ्या असून त्यांच्याबद्दल सांगितलेली गोष्ट रचलेली असते.

नकली चित्र खरं म्हणून विकणाऱ्या माणसाला पकडलं जाण्याची भीती असते. इथे तसं नसतं. प्रेक्षकाला कधी ना कधी 'हे खरं नाही' असं कळावं, हीच या कलाकारांची इच्छा असते. तो क्षण आला की प्रेक्षकाच्या मनात पुढचा प्रश्न येतो: मग इतका वेळ मी यावर विश्वास का ठेवला?

सुरुवात ब्रसेल्समधल्या एका घरातून

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण बेल्जियमचं आहे. मार्सेल ब्रोटार्स (१९२४-१९७६) हे वयाच्या चाळिशीपर्यंत कवी होते. कविता फारशी खपत नव्हती. १९६४ मध्ये त्यांनी आपल्या कवितासंग्रहाच्या न विकल्या गेलेल्या प्रती प्लास्टरमध्ये रोवल्या आणि ते शिल्प म्हणून प्रदर्शनात ठेवलं. आता तो संग्रह वाचायचा तर शिल्प फोडावं लागणार होतं.

१९६८ च्या मे महिन्यात पॅरिस पेटलं. विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर उतरले, त्याचे पडसाद ब्रसेल्समध्येही उमटले. तिथल्या कलाकारांनी शहरातल्या प्रमुख कलाभवनाचा ताबा घेतला, त्यात ब्रोटार्सही होते. कला कोणाची आणि तिच्यावर हक्क कोणाचा, यावर चर्चा झडल्या. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला ब्रोटार्स यांनी आपल्या घरात एका म्युझियमचं रीतसर उद्घाटन केलं. नाव होतं 'आधुनिक कला संग्रहालय, गरुड विभाग'.

आत काय होतं? चित्रांची ने-आण करण्यासाठी वापरतात ती रिकामी लाकडी खोकी आणि एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांची पोस्टकार्डं. मूळ चित्र एकही नव्हतं. भाषण करायला मात्र एका खऱ्या जर्मन म्युझियमचे संचालक आले होते. निमंत्रणपत्रिका होती, पाहुणे होते, भाषण झालं. म्युझियमच्या उद्घाटनाला जे जे लागतं ते सगळं होतं, कला सोडून.

हे 'म्युझियम' पुढची चार वर्षं वेगवेगळ्या रूपांत वेगवेगळ्या शहरांत उघडत राहिलं. त्यातले दोन प्रसंग विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला १९७१ चा. जर्मनीतल्या कोलोनच्या कला मेळ्यात ब्रोटार्स यांनी जाहीर केलं, की दिवाळं निघाल्यामुळे म्युझियम विकणे आहे. म्युझियमला गिऱ्हाईक मिळालं नाही. पण निधी उभारण्यासाठी त्यांनी गरुडाचा ठसा असलेली सोन्याची लगड विक्रीला काढली. किंमत होती सोन्याच्या बाजारभावाच्या दुप्पट. निम्मी किंमत सोन्याची आणि निम्मी 'कला' असण्याची. कलेच्या बाजारात पैसा नेमका कशाचा मोजला जातो, हे एवढ्या साध्या हिशोबात क्वचितच कोणी मांडलं असेल.

दुसरा प्रसंग १९७२ चा, ड्युसेलडॉर्फ शहरातला. इथे त्यांनी गरुडाचं चित्र किंवा आकृती असलेल्या तीनशेहून जास्त वस्तू मांडल्या. त्यांतल्या अनेक खऱ्या म्युझियम्सकडून मागवलेल्या मौल्यवान वस्तू होत्या, तर शेजारीच बाजारात मिळणाऱ्या किरकोळ चिजा. गरुड हे युरोपात साम्राज्याचं, सत्तेचं चिन्ह आहे. प्रत्येक वस्तूजवळ इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन यांपैकी एका भाषेत पाटी होती: 'ही कलाकृती नाही.'

या पाटीमागे दोन जुने संदर्भ आहेत. १९१७ मध्ये मार्सेल द्युशाँ यांनी मुतारीचं भांडं प्रदर्शनाला पाठवून म्हटलं होतं, की कलाकाराने निवडली म्हणून ही कला. पुढे रेने माग्रित यांनी पाइपचं चित्र काढून त्याखाली लिहिलं, की हा पाइप नाही. ब्रोटार्स यांनी या दोन्ही कल्पना एकत्र आणल्या. पाटी लावून वस्तू कला होत असेल, तर पाटी लावून तिचं कलापण काढूनही घेता येईल का? १९७२ मध्येच त्यांनी हे म्युझियम बंद केलं. कल्पित गोष्टीतून आपल्याला सत्य दिसतं आणि सत्याने झाकलेलंही दिसतं, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं होतं.

पाटीत एवढी ताकद येते कुठून?

म्युझियमच्या पाटीवर सहसा लिहिणाऱ्याचं नाव नसतं. 'मला वाटतं', 'बहुधा', 'यावर वाद आहे' असे शब्द तिथे कमी सापडतात. वाक्य छोटं आणि ठाम असतं. वर काच, मंद प्रकाश आणि 'हात लावू नये'ची सूचना. या सगळ्याचा एकत्रित परिणाम असा होतो, की मजकूर कोणा माणसाने लिहिला आहे, हेच आपण विसरतो.

याचं आपल्याकडचं ताजं उदाहरण म्हणजे वाघनखं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शित झाली. या वाघनखांसोबतच्या पेटीवर मजकूर आहे, की ही छत्रपती शिवाजी महाराजांची असून साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफला ती भेट मिळाली. म्हणजे ती पेटीही एका अर्थाने पाटीच. पण महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच, याची खातरजमा करता आलेली नाही, असं खुद्द लंडनचं म्युझियम सांगतं. अफजलखान वधाचा इतिहास त्यामुळे बदलत नाही. प्रश्न एवढाच, की ही वस्तू तीच आहे का? इतिहास अभ्यासकांनी तो विचारला तेव्हा बराच वाद झाला. एखादी वस्तू आपल्या श्रद्धेशी जोडलेली असते तेव्हा 'खातरजमा झालेली नाही' हे शब्द पाटीवर वाचणं आपल्याला जड जातं.

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस भागातलं 'म्युझियम ऑफ जुरासिक टेक्नॉलॉजी' नेमकं याच ठिकाणी बोट ठेवतं. डेव्हिड विल्सन आणि त्यांच्या पत्नीने १९८८ मध्ये ते सुरू केलं. जुरासिक काळात कसलं तंत्रज्ञान? म्हणजे नावातच खोड आहे. आतली दालनं मात्र अंधारी, गंभीर, जुन्या पद्धतीची. एका ठिकाणी भिंतीच्या आरपार उडू शकणाऱ्या आणि शेवटी शिशाच्या भिंतीत अडकलेल्या वटवाघळाची 'शास्त्रीय' माहिती आहे. दुसरीकडे बुरशीची बाधा झालेली मुंगी, जिच्या डोक्यातून बुरशीचा कोंब बाहेर पडतो. आणखी एका ठिकाणी सुईच्या नेढ्यात मावणारी शिल्पं.

वटवाघळाची गोष्ट रचलेली आहे. पण मुंग्यांचा ताबा घेणारी बुरशी खरोखर असते. सुईच्या नेढ्यातली शिल्पंही खरी आहेत, हागोप सांदाल्जियान या आर्मेनियन कलाकाराने केलेली. पाहणाऱ्याला मात्र खऱ्या-खोट्याची सरमिसळ सोडवता येत नाही, कारण तिन्हींच्या पाट्यांचा सूर एकच आहे. या कामासाठी विल्सन यांना २००१ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मानाचा सन्मान मिळाला. जुलै २०२५ मध्ये इथे आग लागून बरंच नुकसान झालं, तेव्हा ही जागा किती लोकांना प्रिय आहे, हेही दिसलं.

ज्यांच्याकडे म्युझियमच नाही, त्यांचं काय?

इथपर्यंत हा युरोप-अमेरिकेतल्या कलाकारांचा बुद्धीचा खेळ वाटू शकतो. त्यांच्याकडे भरपूर म्युझियम्स आहेत, म्हणून त्यांना त्यांची टिंगल परवडते. पण हीच युक्ती आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कलाकारांच्या हाती गेली, तेव्हा तिचा अर्थ बदलला.

मेशाक गाबा यांचा जन्म पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन या देशात १९६१ मध्ये झाला. नव्वदच्या दशकात ते शिकायला ॲमस्टरडॅमला गेले. युरोपातल्या म्युझियम्समध्ये आफ्रिका त्यांना दिसली ती मुखवटे, भाले आणि लाकडी मूर्तींच्या रूपात. आजचे आफ्रिकी कलाकार कुठे होते? त्यांच्या कामासाठी जागाच नव्हती. मग गाबा यांनी १९९७ ते २००२ या काळात स्वतःचं 'समकालीन आफ्रिकी कला संग्रहालय' उभारलं. त्यात बारा दालनं होती. ग्रंथालय, दुकान, उपाहारगृह, संगीताची खोली, खेळांची खोली. एक दालन लग्नाचं होतं, आणि २००० साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये गाबा यांनी खरोखरच लग्न केलं. कलाकृती म्हणून आणि कायद्यानेही.

आपलं म्युझियम अस्तित्वात नाही, तो फक्त एक प्रश्न आहे, असं गाबा म्हणत. या म्युझियमला पक्का पत्ता नव्हता. एकेक दालन युरोपातल्या एखाद्या म्युझियममध्ये काही काळ पाहुणं म्हणून राहायचं. शतकभर आफ्रिकेच्या वस्तू परवानगी न विचारता युरोपच्या दालनांत आणून ठेवल्या गेल्या. इथे एक आफ्रिकी माणूस आपलं अख्खं म्युझियम घेऊन त्याच दालनांत शिरत होता.

यातला प्रश्न किती खरा होता, हे पुढे दिसलं. फ्रेंच सैन्याने एकोणिसाव्या शतकात लुटलेल्या राजघराण्याच्या २६ वस्तू फ्रान्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये बेनिनला परत केल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोटोनू शहरात त्या प्रदर्शनात ठेवल्या गेल्या, तेव्हा सोबत आजच्या बेनिनी कलाकारांचं कामही मांडलं होतं. जुनं आणि नवं एका छताखाली, स्वतःच्या देशात.

लेबनॉनची गोष्ट याहून अवघड आहे. तिथे १९७५ ते १९९० अशी पंधरा वर्षं यादवी युद्ध चाललं. १९९१ मध्ये सर्वसाधारण माफीचा कायदा झाला आणि युद्धातले अनेक सरदार राजकारणात बसले. १९८९ च्या ताइफ करारात सगळ्यांना मान्य होईल असं इतिहासाचं एकच पाठ्यपुस्तक तयार करायचं ठरलं होतं. पण कोणाला नायक म्हणायचं आणि कोणाला खलनायक, यावर एकमत होईना. त्यामुळे त्या युद्धाचा समान इतिहास शाळेत शिकवलाच गेला नाही.

या पोकळीत वालिद राद या कलाकाराने 'ॲटलस ग्रुप' नावाची संस्था उभी केली. लेबनॉनच्या अलीकडच्या इतिहासाची कागदपत्रं जमवणारी ही संस्था आहे, असं सांगितलं जाई. तिच्या स्थापनेचं वर्षही राद वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं सांगत. तिच्या संग्रहात डॉ. फाद्ल फाखुरी या इतिहासकाराच्या वह्या होत्या. हे फाखुरी प्रत्यक्षात कधी नव्हतेच. एका वहीत अशी हकिकत आहे: वेगवेगळ्या विचारांचे इतिहासकार दर रविवारी घोड्यांच्या शर्यतीला जातात. पैज मात्र घोड्यावर लावत नाहीत. जिंकणारा घोडा रेषा ओलांडतो तो क्षण फोटोग्राफर कितीने चुकवेल, यावर लावतात. फोटो नेहमी क्षणभर आधीचा तरी असतो किंवा नंतरचा तरी. नेमका क्षण कोणाच्याच हाती लागत नाही.

त्याच संग्रहात कार बॉम्बस्फोटानंतर उरलेल्या इंजिनांचे शंभर फोटो आहेत. हे फोटो मात्र खरे आहेत, बैरुतच्या वृत्तपत्र संग्रहांतून आणलेले. सैनिक, पोलीस आणि बघे एका वितळलेल्या इंजिनाभोवती उभे आहेत. शंभर फोटो एका रांगेत पाहिले की कळतं, की या मृत्यूंची नोंद कुठे नीट झालीच नाही. काल्पनिक संस्थेच्या छत्राखाली मांडलेला हा पुरावा खराच आहे.

पॅलेस्टाइनमध्ये तर वास्तव कल्पनेच्या पुढे गेलं. रामल्लामध्ये काम करणारे खलिल रबाह यांनी २००० च्या दशकात 'पॅलेस्टिनियन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी अँड ह्युमनकाइंड' ही काल्पनिक संस्था सुरू केली. लंडन, पॅरिससारख्या राजधान्यांतल्या निसर्गेतिहास म्युझियमसारखं भारदस्त नाव, विभाग, वार्तापत्र, सगळं होतं. देश म्हणून पुरती मान्यता नसलेल्या लोकांनी 'राष्ट्रीय' थाटाचं म्युझियम थाटायचं, यातली विसंगतीच त्यांना दाखवायची होती. पुढे मे २०१६ मध्ये बिरझैत इथे 'पॅलेस्टिनियन म्युझियम'ची खरी इमारत उघडली. उद्घाटन झालं तेव्हा आत एकही प्रदर्शन नव्हतं. काल्पनिक म्युझियमकडे वस्तू होत्या, इमारत नव्हती. खऱ्या म्युझियमकडे इमारत होती, दालनं रिकामी होती.

भारतात असं काही झालंय का?

आपल्याकडे हा विचार थोड्या वेगळ्या रूपात आला. छायाचित्रकार दयानिता सिंग यांनी 'म्युझियम भवन' उभं केलं. नाव ऐकून मोठी वास्तू डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ते घडी घालता येतील असे लाकडी मांडण्यांचे संच आहेत, ज्यांतले फोटो सतत बदलता येतात. प्रत्येक संच हे एक स्वतंत्र 'म्युझियम'. त्यातल्या 'फाइल म्युझियम'मध्ये कचेऱ्या आणि अभिलेखागारांमधले कागदांचे ढिगारे दिसतात. २०१७ मध्ये त्यांनी हेच पुस्तकरूपात आणलं: एका पेटीत घडीची नऊ छोटी 'म्युझियम्स'. पेटी विकत घेणारा माणूस घरच्या टेबलावर ती मांडून स्वतःच क्युरेटर होतो.

मुंबईचं उदाहरण अधिक जवळचं आहे. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा त्याचं नाव होतं 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम'. इंग्रजांनी हिंदुस्थानाकडे कसं पाहिलं, याचा तो नमुनाच. २०१४-१५ मध्ये याच वास्तूत चित्रकार अतुल दोडिया यांचं प्रदर्शन झालं. शीर्षक होतं '७००० म्युझियम्स: अ प्रोजेक्ट फॉर द रिपब्लिक ऑफ इंडिया'. भारतातल्या गावोगावी, छोट्या शहरांत संग्रहालयं असती तर, ही त्यामागची कल्पना. या चित्रांतली म्युझियम्स कुठेच नाहीत, आणि ती नाहीत हीच त्यातली बोच आहे. आपल्या तालुक्याच्या गावात नाट्यगृह असतं, क्रीडासंकुल असतं, निदान त्यांची आश्वासनं तरी असतात. संग्रहालय हवं, अशी मागणी आपण किती वेळा ऐकली आहे?

पण ही फसवणूक नाही का?

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. कॅनडातल्या टोरंटोमध्ये २००८ ते २०१० या काळात आयरिस हॉइसलर या कलाकाराने आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओच्या एका जुन्या घरात उत्खननाचा देखावा उभारला होता. एकोणिसाव्या शतकातल्या एका आयरिश मोलकरणीने घरात लपवून ठेवलेल्या मेणाच्या वस्तू सापडल्या आहेत, असं सहलीवर आलेल्या प्रेक्षकांना सांगितलं जाई. हे सगळं रचलेलं होतं, हे त्यांना नंतर कळायचं. काहींना मजा वाटली, काही चिडले. चिडणाऱ्यांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. आपण ज्या संस्थेवर विश्वास टाकला, तिनेच आपल्याला बनवलं, ही भावना वाईट असते.

आज हा प्रश्न आणखी टोकदार झाला आहे. एआयच्या मदतीने कोणीही काही मिनिटांत 'जुना' फोटो, 'जुनं' पत्र तयार करू शकतो. इतिहास नाकारणाऱ्यांना तर 'सगळीच कागदपत्रं बनवता येतात' हे वाक्य हवंच असतं. अशा वेळी कलाकारांनीही खोटे दस्तऐवज करावेत का?

माझ्या मते फरक करायला तीन कसोट्या उपयोगी पडतात. पहिली, या खोटेपणात फट ठेवली आहे का? ब्रोटार्स यांचं दिवाळं, विल्सन यांचं 'जुरासिक तंत्रज्ञान', राद यांची बदलती स्थापना वर्षं, या जाणूनबुजून सोडलेल्या खुणा आहेत. प्रचारासाठी केलेलं खोटं अशा खुणा पुसतं. दुसरी, मूळ घटना नाकारली जाते का? राद यांच्या वह्या काल्पनिक आहेत, पण युद्ध झालं आणि माणसं मेली, हे ते एका क्षणासाठीही नाकारत नाहीत. तिसरी, रोख कोणाकडे आहे? या कलाकृती बहुतेक वेळा बलवान संस्थेला प्रश्न विचारतात. दुबळ्याची आठवण पुसण्यासाठी हीच युक्ती वापरली, तर तिला कला म्हणून सूट मिळू नये.

हॉइसलर यांचं काम दुसऱ्या कसोटीत अडखळतं का, यावर वाद होऊ शकतो. ती मोलकरीण काल्पनिक होती, पण ज्यांच्याबद्दल इतिहासात एक ओळही नाही अशा नोकरचाकर बायका खऱ्याच होत्या. त्यांच्या जागी रचलेली बाई उभी करणं हा न्याय की आणखी एक अन्याय? मला याचं एकच उत्तर देता येत नाही. पण गॅलरीने प्रेक्षकांना नंतर खरं सांगितलं, हा मुद्दा निर्णायक वाटतो.

शेवटी म्युझियमनेच म्युझियम विकत घेतलं, तेव्हा?

या चळवळीची एक गंमत अशी, की ज्या संस्थांना हे कलाकार प्रश्न विचारत होते, त्यांनीच हे प्रश्न विकत घेतले. गाबा यांच्या म्युझियमचा मोठा भाग लंडनच्या टेटने आपल्या संग्रहात घेतला आणि २०१३ मध्ये टेट मॉडर्नमध्ये मांडला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१५ मध्ये राद यांचं आणि २०१६ मध्ये ब्रोटार्स यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. 'ही कलाकृती नाही' असं म्हणणारं काम आता कलाकृती म्हणून, काचेआड, पाटीसकट ठेवलेलं असतं.

टीकाकार याला पराभव म्हणतात. टीका पचवून मोठी संस्था आणखी उदार दिसते आणि मूळ कारभार तसाच राहतो, असा त्यांचा मुद्दा आहे, आणि त्यात तथ्य आहे. कोणतंही काल्पनिक म्युझियम लुटलेली वस्तू परत आणू शकलेलं नाही. ती कामं सरकारं, न्यायालयं आणि वर्षानुवर्षं चिकाटीने पाठपुरावा करणारी माणसं करतात.

पण भाषा बदलली आहे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने म्युझियमची व्याख्या बदलण्याचा प्रयत्न २०१९ मध्ये क्योटोच्या बैठकीत केला, तेव्हा इतके मतभेद झाले की मतदान पुढे ढकलावं लागलं. नवी व्याख्या मंजूर झाली ती ऑगस्ट २०२२ मध्ये, प्राग इथे. त्यात सर्वसमावेशकता, नैतिकता आणि लोकसमूहांचा सहभाग हे शब्द आले. म्युझियम कोणाचं, हा ब्रोटार्स यांनी घरात रिकाम्या खोक्यांमध्ये विचारलेला प्रश्न आता खऱ्या संस्थांच्या बैठकीतही विचारला जातो.

याचा तुम्हाला-मला काय उपयोग?

पुढच्या वेळी एखाद्या संग्रहालयात गेलात, तर वस्तू पाहून झाल्यावर पाटीकडे आणखी अर्धा मिनिट पाहा. ही वस्तू इथे कशी आली, हे लिहिलं आहे का? विकत घेतली, भेट मिळाली, जप्त केली, की नुसतं 'प्राप्त' असं मोघम लिहिलं आहे? बनवणाऱ्याचं नाव नाही, पण देणगी देणाऱ्याचं आहे, असं झालंय का? जिथे शंका आहे तिथे ती कबूल केली आहे का? आणि या दालनात कोणाच्या वस्तू अजिबात दिसत नाहीत?

असे प्रश्न विचारणं म्हणजे सगळ्यावर अविश्वास दाखवणं नव्हे. 'याची खातरजमा झालेली नाही' असं प्रामाणिकपणे सांगणारं म्युझियम जास्त विश्वासार्ह असतं. वॉशिंग्टनमधली एक पाटी निघाल्याचं लक्षात आलं आणि बदललेल्या मजकुरासह का होईना, ती माहिती परत लागली, कारण तिथे आधी काय लिहिलं होतं हे कोणाला तरी आठवत होतं.